ऐकीव वाळू

पडेगावला मी खोली बघायला गेले तेव्हा फाटकावर पत्र्याची एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटनं, हातानं लिहिलं होतं, ‘येथे वाळूसाठी फोर बाय फोर गाड्या तयार करून मिळतील.’ त्याखाली नंतर कधीतरी लाल रंगात घातलेली ओळ, ‘वाळूवर चालण्यासाठी. वाळू नेण्यासाठी नाही.’ आणि सगळ्यात खाली, जागा कमी पडल्यामुळे बारीक अक्षरात, ‘ट्रॅक्टरवाल्यांनी बेल दाबू नये.’ वरची खोली भाड्यानं द्यायची आहे हे मात्र कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते मला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत कळलं होतं.

आमच्याकडं नुसतं ‘वाळू’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गोदावरीच्या पात्रातून पळणारा ट्रॅक्टर येतो आणि त्याच्या मागं सरकारी जीप. पाटी लावली त्याच आठवड्यात एकानं येऊन विचारलं होतं म्हणे, ट्रॉलीचे फाळके किती उंच करून द्याल. दुसऱ्यानं नंबरप्लेट झाकायची काही सोय होते का, हे दबक्या आवाजात विचारलं. काकांनी दोघांनाही पाणी पाजलं. आपण गाडी वाळूवरून चालावी म्हणून तयार करतो, हे समजावून सांगितलं. तेव्हा तो दुसरा म्हणाला, “वाळूवर गाडी चालवायची कामून? वाळू उचला, खाली रस्ताच हाय.” हा प्रश्न काकांना इतका आवडला की पुढं कित्येक वर्षं ते येईल त्याला तो सांगत आणि स्वतःच हसत.

काका म्हणजे माझे घरमालक. तेव्हा सत्तरी ओलांडलेली, उंच, काटक. खाली पायजमा आणि वर खाकी शर्ट, खिशाला पेनाच्या जागी टायरची हवा मोजायचं पितळी गेज. दुसरे घरमालक पाहुणे किती येतील, मटण शिजेल का, हे विचारतात. यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या गाडीभोवती फिरले. मी नुकतीच सेकंडहँड फोर बाय फोर घेतली होती. मुकुंदवाडीच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या, लग्न न केलेल्या बाईला असली गाडी कशाला लागते, हे माझ्या घरात अजून कुणाला कळलेलं नव्हतं. धाकट्या भावाचं मत होतं की ताईला हवा झालीय. आधीच्या मालकानं गाडीला पुढं लोखंडी जाड बंपर, टपावर चार दिवे आणि मागं एक शिडी बसवली होती. मला ते सगळं फार रुबाबदार वाटायचं.

“मॅडम,” काका म्हणाले, “गाडीला लई दागिने घातलेत. टायरमधी हवा किती ठिवता?”

मी सांगितलं, पंपावरचा माणूस भरेल तेवढी. काकांनी मान वळवून घरात हाक मारली, “ऐकलं का? पंपावरचा माणूस भरंल तेवढी.” आतून काकूंचा आवाज आला, “द्या खोली बिचारीला.” अशी मला खोली मिळाली. पहिल्याच रविवारी काकांनी माझ्या गाडीचे सगळे दागिने उतरवून पोत्यात बांधले, आणि पोतं माझ्या स्वाधीन केलं. गाडी एकदम साधी दिसायला लागली. मला दोन दिवस तिच्याकडं बघवेना.

त्यांचं सगळं शास्त्र याच एका गोष्टीवर उभं होतं. गाडी कंपनीनं दिली तशी असावी. तिला वाळूवर न्यायचं तर तिच्यात काही घालायचं नसतं, काढायचं असतं. आधी वजन काढायचं, मग टायरमधली हवा काढायची. हवा कमी झाली की टायर पसरतं, आणि पसरलेलं टायर वाळूत घुसत नाही, वाळूवर राहतं. हा शोध त्यांना नोकरीत लागला. पाटबंधारे खात्यात ते जीपवर ड्रायव्हर होते आणि पैठणच्या बाजूला साहेब लोकांना नदीच्या पात्रातून इकडून तिकडं न्यावं लागे. पहिल्या वर्षी जीप सारखी फसायची. फसणं हा आमच्याकडचा शब्द. पुण्याकडं गाडी रुतते, आमच्याकडं फसते, आणि माणूस फसतो तोही याच शब्दानं. तर एकदा एक टायर पंक्चर होऊन निम्मं बसलेलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जीप फसली ती तीन चाकांनी. बसलेलं चौथं चाक वाळूवर आरामात उभं होतं. साहेब शिव्या देत होते आणि काका त्या चाकाशेजारी उकिडवे बसून बघत राहिले होते. साहेबांना ते पुढं कधीच माफ करता आलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराखालच्या शेडमध्ये हे काम सुरू केलं. राजस्थानात, कच्छमध्ये, कुणी कोकणातल्या किनाऱ्यावर गाडी घालायला निघालेली हौशी माणसं लांबून यायची. काका त्यांना पुढचे-मागचे ओढायचे हूक तपासून द्यायचे, रेडिएटर धुऊन द्यायचे, एअर फिल्टर झाडून द्यायचे. जुन्या लोखंडी कपाटाची दारं कापून, भोकं पाडून केलेले दोन पत्रे द्यायचे, फसलेल्या चाकाखाली सरकवायला. एक फावडं. आणि एक पाट. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट. वाळूत जॅक लावला की गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो, म्हणून जॅकला बसायला पाट. “पाव्हण्याला पाट देतो आपण,” ते म्हणायचे, “जॅकनं काय घोडं मारलं?” शेवटी मागच्या बाजूला एक लांब काठी आणि तिच्या टोकाला लाल फडकं. टेकडीपलीकडं गाडी असली तरी फडकं अलीकडून दिसतं. हे फडकं काकूंच्या जुन्या लुगड्यांचं असायचं. काकू म्हणायच्या, मी पडेगाव सोडून कुठं गेले नाय, पर माझी लुगडी समद्या देशात हिंडली.

हवा काढायची ती फक्त गाडीची नव्हे. येणारी माणसं बहुतेक पैसेवाली, जाड घड्याळं घातलेली, इंटरनेटवर सगळं बघून आलेली. काका पहिला अर्धा तास त्यांना घालून पाडून बोलायचे. एका बिल्डरला त्यांनी विचारलं होतं, गाडीला एवढे दिवे लावलेत, वाळवंटात तुमची वरात हाय का. ठाण्याहून आलेल्या एका साहेबांना तर त्यांनी आधी चाळणी देऊन घरामागच्या मैदानात वाळू चाळायला बसवलं. पण गाडी घेऊन निघताना, फाटकापाशी, काका खिडकीत वाकून प्रत्येकाला एक चांगलं वाक्य सांगायचे. हात हलका हाय तुमचा. ब्रेकवर पाय देत नाय तुम्ही, ही लई मोठी गोष्ट हाय. असं काहीतरी, आणि ते खरं असायचं. शोधून काढलेलं असायचं. मी एकदा विचारलं की एवढं झाडायचं आणि मग गोड बोलायचं हे कशाला. त्यांना माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. “काढलेली हवा भरून द्याया नको?” ते म्हणाले.

मैदान म्हणजे घरामागचा दोन गुंठ्यांचा लांबट तुकडा. दुसऱ्या कुणी तिथं आंबा, सीताफळ लावलं असतं. काकांनी गुडघाभर गोदावरीची वाळू पसरली होती. तयार झालेली प्रत्येक गाडी फाटकाबाहेर जाण्याआधी या मैदानातून तीनदा आरपार जायची. एवढी वाळू एका घरात साठवलीय म्हटल्यावर कुणीतरी तक्रार करणारच. एक दिवस महसूलचे दोघं चौकशीला आले. काकांनी त्यांना आत नेलं आणि भिंतीकडं बोट केलं. देवांच्या तसबिरींशेजारी सरकारला भरलेल्या वाळूच्या रॉयल्टीची पावती फ्रेम करून लावलेली होती आणि तिला दसऱ्याचा झेंडूचा हार घातलेला होता. त्या दोघांतल्या मोठ्यानं चपला काढून ती पावती वाचली. मग ते चहा घेऊन गेले.

पावतीपेक्षा मोठी अडचण मांजरांची होती. सगळ्या पडेगावातली मांजरं आपल्या खासगी कामासाठी आमच्याकडं यायची. त्यामुळं काका रोज सकाळी सात वाजता चाळणी घेऊन मैदानात बसायचे. मी गॅलरीत चहा घेत उभी असायची आणि खाली हे गृहस्थ वाळू चाळत, मांजरांना उद्देशून दखनीत काहीबाही बोलत असायचे. चार वर्षं मी रोज सकाळी हे बघितलं. आता मी नांदेडला असते, खाली नुसतं पार्किंग आहे, आणि चहा बेचव लागतो.

मैदानात मी शिकले ते रविवारी सकाळी. सरळ जायचं, थांबायचं असलं तर ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्यायची, चाक जागच्या जागी फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा. तिसऱ्या रविवारी माझं चांगलं जमलं आणि मला थोडी हवा झाली. त्या आनंदात टायर परत भरायचं मी विसरले आणि सोमवारी तशीच शाळेत गेले. पडेगाव ते मुकुंदवाडी, सगळं शहर ओलांडून, रस्त्यावर बत्तीस लागते तिथं वाळूसाठी काढलेल्या अठरा हवेवर. संध्याकाळी गाडी आत घेतली तेव्हा काका शेडमधून उठून आले, वाकून टायरला हात लावला आणि तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा मागं घेतला. ते ओरडले नाहीत. त्यांनी पायानं मारायचा पंप आणून माझ्यापुढं ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. चारही टायर मी साडी खोचून भरले. मध्ये काकू दोनदा ताक देऊन गेल्या. शेवटी काका एवढंच म्हणाले, “हवा काढाया समद्यांना येती, मॅडम.”

आता बरण्यांचं सांगते. काकांची एक अट होती. जो कुणी वाळूवर जाऊन येईल त्यानं तिथली मूठभर वाळू आणायची. ही वाळू ते लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून शेडमधल्या फळीवर मांडायचे. बीडच्या एका डॉक्टरांनी आणलेली जैसलमेरची, बिकानेरकडची, कच्छची, गुहागरची, लडाखची, आणि कुणाच्या तरी जावयानं आणलेली दुबईची. घरात लोणच्याला बरणी उरली नाही म्हणून काकू करवादायच्या. काका बरणी उघडून वाळू तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, गालाला लावायचे. मग आणणाऱ्याला विचारायचे, अठरा बरोबर होती का? तो म्हणायचा, एकदम बरोबर काका. मग ते चष्मा लावून चिठ्ठीवर लिहायचे, जागेचं नाव, हवेचा आकडा, आणि पुढं एक शब्द. ‘जैसलमेर. १८. ऐकीव.’ ‘कच्छ. १८. ऐकीव.’ फक्त एका बरणीवर तो शब्द नव्हता, पैठणच्या.

वर्षभर मला वाटत होतं, ऐकीव हा वाळूचा काही प्रकार असावा. शेवटी विचारलं.

“जी डोळ्यानं पाह्यली नाय ती ऐकीव,” काका म्हणाले.

मी फळीवरच्या सगळ्या बरण्यांकडं बघितलं. या माणसानं वाळवंट पाहिलेलंच नव्हतं. त्यांची सगळी वाळू लोकांच्या रुमालात, प्लास्टिकच्या पिशवीत, दारूच्या चपट्या बाटलीत भरून इथं आलेली होती. मी विचारलं, मग जात का नाही? एवढे लोक जातात, कुणीही आनंदानं नेईल. काकांचा चेहरा शाळेतल्या पकडलेल्या मुलासारखा झाला. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच सांगितलं, “मला गाडी लागती.”

मी हसले नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. तीस वर्षं जीप चालवलेल्या माणसाला गाडी लागते. स्वतः चालवत असले तर काही होत नाही, पण मोतीबिंदूनंतर त्यांनी लायसन पुन्हा काढलं नव्हतं, रस्त्यावर चालवायचं सोडलं होतं. आणि शेजारी बसलं की नगर नाक्यापर्यंत ठीक, त्यापुढं पिशवी लागते. हजारभर किलोमीटर पिशवी धरून कोण जाणार?

मला ते पटलं. हळहळ वाटली. ती हळहळ मी काकूंपाशी बोलून दाखवली तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, “गाडी लागती ते खरं हाय. आगगाडी नाय लागत. तिरुपतीला दोनदा गेलो आम्ही, डब्यात बसून वडे खाल्ले त्यांनी.”

“मग?”

“भ्यात्यात,” काकू म्हणाल्या. “समदे म्हणत्यात आकडा बरोबर हाय. तिथं जाऊन चुकला म्हंजी?”

त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून जाईना. मला काका आवडायचे, हे सरळच सांगते. मला वडील फार लवकर गेले आणि गाडीतलं काही विचारावं असं माणूस घरात कधी नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला जायचं माझं ठरत होतं, भाऊ सोबतीला येतो म्हणाला होता. काकांनी गाडी तयार केली. पाट ठेवला, पत्रे ठेवले, काठी बांधली. मग नेहमीप्रमाणे एक रिकामी बरणी आणून माझ्या हातात दिली. मी ती परत त्यांच्या हातात ठेवली.

“मी नाही आणणार वाळू,” मी म्हटलं. “पाहिजे तर येऊन भरून घ्या. आगगाडीनं या, स्टेशनवर आम्ही घ्यायला येतो.”

काकांनी काकूंकडं बघितलं. काकू तांदूळ घेऊन आत गेल्या. त्यानंतर चार दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी मैदानात बसायचे ते माझ्या गॅलरीकडं पाठ करून. मांजरांशीसुद्धा बोलणं बंद. मला वाटलं, भाडेकरू म्हणून आपले दिवस भरले. पाचव्या दिवशी मी शाळेत निघाले तर ते फाटक धरून उभे होते, आणि दुसरीकडंच बघत म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाला खालचा बर्थ मिळतो म्हणं. खरं हाय का?”

काका-काकू मनमाडला आगगाडी बदलून आले, आम्ही रस्त्यानं गेलो. जैसलमेरच्या स्टेशनवर काका उतरले ते इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, खिशाला गेज, आणि हातात रुमालात गुंडाळलेली रिकामी बरणी. तिथून वाळूच्या टेकड्या चाळीसेक किलोमीटर. काका पुढं माझ्याशेजारी बसले, मुठीत लिंबू धरून, डोळे मिटून. वाटेत एकदा थांबावं लागलं. भाऊ पाण्याची बाटली घेऊन उतरला आणि काकांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. तोपर्यंत तो या सगळ्याची थट्टा करत होता, त्यानंतर केली नाही.

टेकड्या दिसल्यावर काकांनी डोळे उघडले आणि खिडकीची काच खाली घेतली. गाडी थांबवून आम्ही हवा काढली. चारही टायर अठरावर, त्यांनी स्वतः प्रत्येकाला दोनदा गेज लावलं. तिथला एक जीपवाला आपली गाडी सोडून बघायला आला. पर्यटकांना फिरवणारा, डोक्याला फेटा, चाळिशीचा. त्यानं आकडा विचारला आणि मान हलवली. “बाबूजी, अठारह में नहीं चढ़ेगी.”

“चढेंगी,” काका म्हणाले. “कायको नहीं चढेंगी?”

गाडी मी चालवत होते. काका शेजारी, काकू आणि भाऊ खाली उभे. मी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. सरळ घेतली, पाय एकसारखा ठेवला. निम्मी टेकडी चढलो आणि गाडी जड झाली. आणखी दोन हात गेली, आणि मागची चाकं खाली बसली. मी लगेच पाय काढला. इंजिन बंद केलं. खालून जीपवाला चालत येताना आरशात दिसला.

मी काकांकडं बघायचं टाळत होते. या माणसाला मी हट्टानं इथवर आणलं, ज्याला तो इतकी वर्षं भीत होता तेच त्याच्यासमोर ठेवलं, आणि तेही फेटेवाल्या परक्या माणसाच्या देखत. फळीवरच्या सगळ्या बरण्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या. त्यांनी परत जाऊन पाटी उतरवली असती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

काका खाली उतरले. मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, जसे कधीकाळी पैठणच्या पात्रात बसले असतील. वाळूत मनगटापर्यंत हात घातला. मूठ बाहेर काढली आणि उघडली तर हातात काहीच राहिलं नाही, सगळी वाळू बोटांतून पाण्यासारखी निघून गेली. त्यांनी पुन्हा तसंच केलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून उतरले. ते हसत होते.

“फसलो की हो, मॅडम,” ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. “लई बारीक हाय. बरणीत कळतच नाय. आपली गोदावरीची रवा, ही मैदा.” आणि मग एकदम थांबून, “म्हंजी हे समदे फसले असणार. बीडचे डॉक्टर, तो बिल्डर, समदे. अन् मला येऊन सांगत्यात, एकदम बरोबर काका.”

जीपवाला तोवर वर पोचला होता. काकांनी त्याला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, तुम किती रखते? तो म्हणाला, गाडी बघून, वजन बघून, बारा ते चौदा. काका लक्ष देऊन ऐकत होते. मी त्यांना कुणाचं ऐकताना प्रथमच बघत होते. आमची गाडी उलटी खाली आणली, चाकांमागची वाळू भावानं फावड्यानं ओढली, एका चाकाखाली कपाटाचं दार घालावं लागलं. खाली आल्यावर काकांनी खिशातलं गेज काढलं आणि चौदा केली. मग मी किल्ली त्यांच्यापुढं धरली.

“लायसन नाय,” ते म्हणाले.

“इथं रस्ता तरी आहे का?” मी म्हटलं.

ते बसले. काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला, मागचा-पुढचा विचार न करता शेजारच्या सीटवर चढल्या आणि दार लावलं. गाडी घाई न करता, आवाज न वाढवता वर गेली. इतकी सोपी गेली की भाऊ म्हणाला, आपण खरंच याच टेकडीवर फसलो होतो का. माथ्यावर क्षणभर दिसली आणि पलीकडं उतरली. मग नुसतं लाल फडकं दिसत राहिलं. थोडं पुढं गेलं आणि थांबलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फडकं हलेना. मला काळजी वाटली, पाय खाली घसरत असतानाही मी तशीच चढून वर गेले.

पलीकडं गाडी उभी होती. दोघं वाळूत पाय पसरून बसले होते. काकू धपाट्याचा डबा उघडून खात होत्या. काका बरणी मांडीवर घेऊन तिच्यात चिमटीचिमटीनं वाळू भरत होते. मूठ भरून घातली असती तर एका मिनिटाचं काम होतं. मला बघून काकूंनी एक धपाटा पुढं केला. मी तिथं बसले, धपाटा खाल्ला, आणि आयुष्यात इतकं स्वस्थ मला फार कमी वेळा वाटलंय.

डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायची होती. माझ्याकडं बॅटरीवर चालणारा छोटा पंप होता. काकांनी कुणाला हात लावू दिला नाही, चारही टायर त्यांनी भरले. जीपवाला निरोप घ्यायला आला तेव्हा काका त्याच्या खिडकीत वाकले आणि म्हणाले, “तुम्हारा बोलना बराबर था.” परतीच्या वाटेवर ते माझ्याशेजारी बसून अखंड बोलत होते. लिंबू सीटखाली घरंगळून गेलं होतं, त्याची आठवणही नव्हती. गाव तीन किलोमीटरवर आलं तेव्हा त्यांना एकदम आठवलं की आपल्याला गाडी लागते. मग थांबावं लागलं.

पडेगावला परत आल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते फोनचं. जैसलमेरला जाऊन आलेल्या एकेकाला त्यांनी फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, “किती बार फसलास?” मी शेडमध्ये बसून ऐकत होते. आधी पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो व्हायचं. मग कुणी एकदा म्हणायचं, कुणी दोनदा. बीडचे डॉक्टर तीनदा फसले होते आणि शेवटी त्यांची गाडी उंटानं ओढून काढली होती. काका प्रत्येक कबुलीला मांडीवर थाप मारत होते. “अन् मला का नाय सांगितलं?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर काय म्हणाले ते फोनमधून मलाही ऐकू आलं. ते म्हणाले, “काका, तुम्ही इतक्या आशेनं विचारत होता.”

काकांनी फोन खाली ठेवला. मग उठून त्यांनी जैसलमेरच्या पाचही जुन्या बरण्या मैदानात ओतल्या, नळाखाली धुतल्या आणि काकूंना नेऊन दिल्या. त्या वर्षी लिंबाचं लोणचं भरपूर झालं, मलाही एक बरणी आली.

नवी बरणी फळीवर पैठणच्या शेजारी ठेवायची ठरली. काकांनी चष्मा लावला, चिठ्ठी घेतली. ‘जैसलमेर,’ लिहिलं. ‘१४,’ लिहिलं. पुढं त्यांचं पेन सवयीनं ‘ऐ’ काढायला गेलं आणि थांबलं.

“मॅडम, इथं काय लिहू? पाह्यलेली?”

मी म्हटलं, लिहा की. खरंच आहे.

त्यांनी विचार केला. मग एकेक अक्षर सावकाश काढत लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि चिठ्ठी बरणीला चिकटवून बरणी माझ्याकडं वळवली.

‘जैसलमेर. १४. फसून पाहिलेली.’